पत्रकाच्या तळाची ओळ

१

सोमवारी सकाळी मॅजिस्ट्रेट उटिंग स्वतःच्या पायांनी टॅनर गल्लीत आले, तेव्हाच केझाया लार्टरनं ओळखलं की काहीतरी भलतं घडलंय. एरवी ते शिपायावर भागवत.

त्यांनी हातातला कागद छापखान्याच्या दगडी टेबलावर आपटला. पाठीला अजून ओली खळ होती. चॅपलच्या दारावरून नुकताच उपटलेला.

"वाचा," ते म्हणाले.

वाचायची गरज नव्हती. हे पत्रक गेले दोन आठवडे नॉर्विचभर फिरत होतं. विणकरांनी शनिवारी बाजारचौकात जमावं आणि मजुरी पूर्ववत झाली नाही तर मालकांच्या वखारींना काडी लावावी, असा मजकूर. ते कुणी छापलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यावर मुद्रकाचं नाव नसायचं. आज होतं. तळाला, सरळ, मधोमध: एल. लार्टर, मुद्रक, टॅनर गल्ली, नॉर्विच.

"छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकानं आपलं नाव घालावं, असा कायदा आहे," उटिंग लव्हिनियाकडे वळून म्हणाले. "बाई, तुम्ही कायदा पाळलात. आम्ही आभारी आहोत."

लव्हिनिया म्हणजे केझायाची भावजय. वय तीस, दीड वर्षापूर्वी विधवा झालेली, छापखान्याची मालकीण. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला, पण आवाज हलला नाही.

"हे आमच्याकडे छापलेलं नाही."

"नाही?" उटिंगनी टेबलावरची छपाईच्या शिशाच्या खिळ्यांची एक ओळ उचलली. मुद्रकाच्या नावाची ओळ प्रत्येक कामात लागते, म्हणून तिचे खिळे सुटे करत नसत. दोरीनं बांधून ती कायम तयार ठेवत. "लार्टरमधला पहिला 'आर' बघा. पाय मोडलाय. आता पत्रकातला बघा. तोही लंगडा. का नॉर्विचमध्ये लंगड्या अक्षरांची साथ आलीय?"

त्यांनी ओळ टेबलावर परत ठेवली.

"उद्या दहा वाजता माझ्यासमोर. गुन्हा शाबीत झाला तर तुम्ही तुरुंगात, आणि हे यंत्र हातोड्यानं फोडून भंगारात."

सोबतच्या शिपायानं यंत्राचा दांडा दोरीनं बांधला, गाठीवर लाखेची मोहोर उठवली आणि दोघं निघून गेले. लव्हिनिया दार लागेपर्यंत थांबली. मग वळली.

"झालं मनासारखं, वन्सं?"

"माझ्या मनासारखं व्हायला तू या घरात यायलाच नको होतीस."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. मासळीबाजारात तुम्हीच ओरडून सांगितलंत ना, हिला बेड्या पडलेल्या बघायच्यात म्हणून?" लव्हिनिया टेबलापाशी आली. "बघालही. पण माझ्या नाही. नावाची ओळ सोडवता येते, जुळवता येते, छापता येते, आणि माझा द्वेष करते, अशी बाई या घरात एकच आहे. उद्या शपथेवर हेच सांगणार आहे मी."

२

केझायानं भावाच्या छापखान्यात बावीस वर्षं घालवली होती. कागद भिजवणं, शाई लावणं, मुद्रितं तपासणं, सगळं तिच्याकडे. बार्नबीनं पन्नाशीला एका पुस्तकविक्याच्या मुलीशी लग्न केलं, आणि मरताना सगळं बायकोच्या नावे करून गेला. बहिणीसाठी मृत्युपत्रात एक वाक्य होतं: तिला वरच्या खोलीत राहू द्यावं.

तेव्हापासून दोघी एकाच टेबलावर जेवत आणि एकमेकींना मीठही मागत नसत.

आता केझायापुढे उद्या सकाळी दहापर्यंतचा वेळ होता. ती आधी एनॉक पास्ककडे गेली. पास्क छापखान्याचा जुळारी. खिळे तोच जुळवी, यंत्राचा दांडाही तोच ओढी. तो खिडकीशी उभा राहून खिळे खणांत परत टाकत होता, जणू काही झालंच नव्हतं.

"पास्क, त्या 'आर'चा पाय कधी मोडला?"

"गुरुवारी संध्याकाळी. ओळ माझ्याच हातून पडली." त्यानं मान वर केली नाही. "तुम्हीच तर शुक्रवारी भजनांच्या कागदावर खूण केलीत."

"केली. पण कधी मोडला ते तेव्हा विचारलं नव्हतं."

"आता विचारलंत, मी सांगितलं. केझाबाई, उगाच डोकं शिणवू नका. नाव मालकीणबाईंचं आहे. निस्तरतील त्या."

"ती निस्तरणार नाही. माझ्या गळ्यात बांधणार आहे."

पास्कचा हात क्षणभर खणावर थांबला. "असं म्हणाल्या?" मग खिळा खणात पडल्याचा टक्कन आवाज झाला. "बघू."

मागच्या खोलीत हेस्टर मिन्स हाडाच्या पट्टीनं कागदांना घड्या घालत होती. छापून वाळलेले कागद दुमडायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे, हे तिचं काम. तिचा भाऊ विणकर.

"आलात?" हेस्टर म्हणाली. "मी वाटच बघत होते. विणकराची बहीण म्हणजे पहिली चोर."

"तुझ्याकडे बिननावाचं पत्रक आहे का?"

"असलं तर फाशी देताय का नुसता चाबूक?"

"हेस्टर, मला ते लागणार आहे."

"उद्या मालकीणबाईला सोडवायला? ती माझ्या घड्या मोजून घेते. एक वाकडी निघाली तर उकलून परत घालायला लावते."

"मीही लावते."

"तुम्ही शिव्या देऊन लावता. ते परवडतं." हेस्टरनं कमरेच्या एप्रनच्या अस्तरातून चौघडी केलेला कागद काढला आणि टेबलावरून सरकवला. "कुठून आला विचारलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मजकूर तोच, खिळे तेच, सगळं तेच. तळाला नाव तेवढं नव्हतं. पण एवढ्यानं काय सिद्ध होणार? उटिंग म्हणतील, काही प्रतींवर नाव घातलंत, काहींवर विसरलात.

केझाया तडक बाहेर पडली. गल्लीच्या टोकाला पाण्याच्या पंपामागे तसलंच एक पत्रक खोचलेलं तिनं सकाळी पाहिलं होतं. शिपायांची नजर तिथे गेली नव्हती. तिनं ते ओढून काढलं, उजेडात धरलं, आणि जागच्या जागी थबकली.

यातही तळाला नाव होतं, पण 'आर'चा पाय शाबूत होता.

३

घरी येऊन तिनं दाराला कडी घातली.

आधी बोटं फिरवली. वरचा मजकूर काळाभोर, गुळगुळीत. तळाची ओळ करडी, आणि कागदाच्या पाठीला तिचे ठसे टोचत होते. कुणीतरी दांडा जिवाच्या आकांतानं ओढला होता. का?

तिनं नावाची ओळ घेतली. दोरीचे पाच वेढे, टोक बोथट सुईनं कोपऱ्यात खुपसलेलं, गाठ नाही. तिनं दोरी सोडली, खिळे जुळणीपट्टीत ठेवले आणि पट्टीची सरकती कड घट्ट बसवली. आता पट्टीचं तोंड बरोबर ओळीएवढं होतं. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

मग दोऱ्यात ओवलेल्या नोंदप्रती खाली घेतल्या. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ठेवायची, तिच्या पाठीवर गिऱ्हाइकाचं नाव, दिवस आणि वेळ लिहायची, हाही कायदाच. सगळ्यात वरचे दोन कागद शुक्रवारचे होते: सकाळचं फर्निचरच्या लिलावाचं पत्रक आणि दुपारचा भजनांचा कागद. तिनं लिलावाच्या पत्रकातली नावाची ओळ पट्टीच्या तोंडात धरली.

ओळ अपुरी पडली. नखाच्या कडेएवढी.

भजनांचा कागद धरला. तेवढीच अपुरी.

यात तिला नवल वाटलं नाही. छपाईचा कागद आदल्या संध्याकाळी भिजवून रात्रभर वजनाखाली ठेवतात. ओला कागद फुगतो. फुगलेल्या कागदावर छापतात. तो वाळला की आकसतो, आणि अक्षरंही त्याच्यासोबत आकसतात. बावीस वर्षं तिनं हातांनी हे केलं होतं. फक्त मोजलं आज पहिल्यांदा.

शेवटी तिनं पंपामागचं पत्रक धरलं.

ओळ पट्टीच्या तोंडात चपखल बसली. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मग दोन्ही नोंदप्रती शेजारी ठेवल्या आणि 'आर' पाहिला. पहिल्या प्रतीतला, दुसऱ्या प्रतीतला. लिलावाचं पत्रक उलटं करून पाठीवरची नोंद वाचली. कुणाच्या अक्षरातली आहे ते पाहिलं.

आणि हळूच स्टुलावर बसली.

दारावर टकटक झाली.

४

"मीच आहे," पास्क म्हणाला. तिनं कडी काढली. तोवर कागद एप्रनखाली गेले होते.

पास्कनं टोपी हातात धरली होती. तो टोपी काढून उभा राहिलेला तिनं फक्त बार्नबीच्या दफनाला पाहिला होता.

"केझाबाई, उद्या तुम्हाला काही होऊ देणार नाही मी. शपथेवर सांगेन, ओळीला तुमचा हात लागला नाही म्हणून. कारागिराची साक्ष आहे. उटिंग ऐकतील."

"आणि वहिनी?"

"त्यांचं नाव, त्यांचा छापखाना. कायद्यानं बायको वारस झाली ना? मग कायद्यानंच जाऊ दे." तो एक पाऊल पुढे आला. "यार्मथला एक यंत्र विकायला आहे. मी शब्द टाकून ठेवलाय. पास्क आणि लार्टर, अशी पाटी लावू. यातली लार्टर तुम्ही. इतकी वर्षं राबलात त्याची कुणी कधी पाटी लावली?"

केझाया त्याच्याकडे पाहत राहिली. हे शब्द तिनं स्वतःच्या मनात किती वेळा म्हटले होते! बार्नबीच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली होती. आज ऐकले ते याच्या तोंडून.

"मी काय करायचं?"

"काहीच नाही. फक्त गप्प बसायचं."

"बस्स?"

"बस्स." तो हसला. "एवढं तर तुम्हाला जमेल. तिच्यासाठी तोंड उघडायची तुम्हाला हौस थोडीच आहे!"

"नाही," केझाया म्हणाली. "हौस नाही."

तो गेल्यावर तिनं जिन्याकडे पाहिलं. वरच्या पायरीवर लव्हिनिया उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

"पाटी छान दिसेल," लव्हिनिया म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

५

मंगळवारी दहा वाजता उटिंगच्या कचेरीत लव्हिनियानं बायबलावर हात ठेवून ठरलं होतं तेच सांगितलं. माझी नणंद माझा द्वेष करते. ओळ तिच्या हाताखाली असते. काल पास्क तिला नव्या छापखान्यात भागी देत होता.

"भागी देत होतो, कारण मालकीणबाई तुरुंगात गेल्यावर ही बाई उपाशी मरेल," पास्क शांतपणे म्हणाला. "केझाबाईंचा यात हात नाही. हे मी शपथेवर सांगतो."

उटिंगनी दोघींकडे पाळीपाळीनं पाहिलं. "छान. म्हणजे एकीला तरी आत टाकायचंच. लार्टरबाई, थोरल्या, काही बोलायचंय का?"

"आधी आपल्या पेल्यातलं पाणी हवंय," केझाया म्हणाली.

"चक्कर येतेय?"

"कागदाला पाजायचंय."

कारकून हसला. तिनं कोऱ्या कागदाची एक पट्टी काढून सोबत आणलेल्या, ओळीच्या मापाला लावलेल्या जुळणीपट्टीच्या तोंडात बसवली. चपखल. मग ती पेल्यात बुडवली, थोडा वेळ थांबली, टिपली आणि पुन्हा बसवायला गेली. कागद आता मावेना. मधे फुगीर वाकला.

"ओला कागद वाढतो. वाळला की पुन्हा आखडतो. आम्ही ओल्यावरच छापतो, म्हणून आमची छापलेली ओळ खिळ्यांपेक्षा नेहमी आखूड असते. हे आमचे शुक्रवारचे दोन कागद. आपण स्वतः लावून बघा."

उटिंगनी नाखुशीनं लावून पाहिले. दोन्ही अपुरे.

"आता आपल्या पुराव्यातलं पत्रक लावा."

त्यांनी लावलं. एकदा लावलं, काढलं, परत लावलं. "ही भरतेय."

"कारण तळाची ओळ कोरड्या कागदावर छापलीय. हे बिननावाचं पत्रक बघा. वरचा मजकूर हाच. कुणाचं तरी जुनं, वाळलेलं पत्रक घेऊन खाली आमचं नाव नंतर उठवलंय. असलं पत्रक छापणारा आपलं नाव विसरला म्हणून ते घालायला परत येत नाही, साहेब. नाव दुसऱ्याचं असेल तरच येतो."

"किंवा दुसरीचं," उटिंग म्हणाले. "आणि दुसरीवर डूख धरणारी तुम्हीच. अजून तरी मला तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही."

"दिसेल. कोरड्या कागदावर शाई नीट उठत नाही, म्हणून त्यानं दांडा जोरात ओढला. कागद भिजवायला त्याला एक रात्र हवी होती, आणि भिजवायचं टाकं माझ्या ताब्यात आहे. त्याच्याकडे तासभरच होता. जोरात ओढल्यावर काय होतं? खिळा मोडतो." तिनं पंपामागचं पत्रक पुढे केलं. "यात 'आर' शाबूत. आपल्याकडच्यात लंगडा. म्हणजे हा पाय ही ओळ उठवतानाच मोडला. पाय कधी मोडला ते कळलं, की ओळ कधी छापली तेही कळलं."

केझाया वळली.

"पास्क, तू शपथेवर आहेस. 'आर'चा पाय कधी मोडला?"

पास्कनं तिच्याकडे पाहिलं. ती गप्प बसणार होती, हे त्याच्या चेहऱ्यावर अजून लिहिलेलं होतं. पण तिला दिलेलं उत्तर आता बदलता येत नव्हतं.

"गुरुवारी. संध्याकाळी. माझ्या हातून पडली."

"हे लिलावाचं पत्रक. यातला 'आर' बघा, साहेब. दोन्ही पाय धड. आता पाठ बघा."

उटिंगनी पाठीवरची नोंद मोठ्यानं वाचली. "शुक्रवार, सकाळी साडेनऊ." ते थांबले. "अक्षर कुणाचं?"

"नोंदप्रती पास्कच ओवतो. त्याच्या सहीचा खिळ्यांचा हिशेबही मी आणलाय, ताडून बघा. शुक्रवारी साडेनऊला 'आर' धड होता आणि दोन वाजता भजनांच्या कागदावर लंगडा. बारापर्यंत आम्ही चौघंही तिथेच होतो. बारा ते एक जेवणाची सुट्टी, नंतर पुन्हा चौघंही. मी मुद्रितं घेऊन रेव्हरंड साहेबांच्या बैठकीत ताटकळत होते. वहिनी आपल्याच पॅरिश चर्चच्या कारकुनाकडे होती. हेस्टर नदीच्या पायऱ्यांवर, धुणं धुणाऱ्या चार बायकांत. शिवाय ओळ परत बांधली होती ती वेढे देऊन, टोक खुपसून. हेस्टरनं दोऱ्याला हात लावला की गाठ पडतेच, आणि वहिनीला तर बुटाची नाडीही धड बांधता येत नाही."

"येते," लव्हिनिया म्हणाली.

"पास्क, तू कुठे होतास?"

"गुत्त्यात."

"मग पाय गुरुवारी मोडला असं खोटं का सांगितलंस? शुक्रवारचा तो एक तास तुला कुणापासून लपवायचा होता?"

पास्क उटिंगकडे वळलाच नाही. तो केझायाशीच बोलला, आणि आवाजात पहिल्यांदाच विष होतं.

"तुम्हीच म्हणायचात ना! रोज! ही गेली तर बरं, ही गेली तर बरं! मी आणखी कुणासाठी केलं?"

"म्हणायचे. अजूनही म्हणते," केझाया म्हणाली. "पण ती जायची तर माझ्या तोंडानं जाईल. तुझ्या खोट्या ओळीनं नाही."

६

उटिंगनी माफी मागितली नाही. शिपायाला पाठवून दांड्यावरची मोहोर तोडायला लावली, आणि "यापुढे नावाची ओळ कुलपात ठेवा" एवढं बजावलं. पास्कला त्या दुपारीच आत घेतलं.

दोघी घरी चालत निघाल्या. पूल ओलांडल्यावर लव्हिनियानं तोंड उघडलं.

"तुम्हाला गप्प बसता आलं असतं, वन्सं."

"आलं असतं."

"मग?"

"माप बरोबर होतं."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं."

"नाही."

"बरं झालं," लव्हिनिया म्हणाली. "तुमचे उपकार घेऊन मला त्या घरात राहता आलं नसतं. आणि मी कचेरीत बोलले ते सगळं परत घेत नाही. द्वेष करता हे खरंच आहे."

"परत घे म्हणून कुणी सांगितलं?"

घरी पोचल्यावर हेस्टर दारातच उभी. भजनांचे उरलेले चारशे कागद गुरुवारी द्यायचे होते, आणि दांडा ओढायला आता कुणी नव्हतं. केझायानं संध्याकाळी कागद भिजवला, फळी ठेवली, वर वजन ठेवलं. सकाळी खाली आली तेव्हा लव्हिनिया बाह्या सारून यंत्रापाशी उभी होती. नावाच्या ओळीत नवा 'आर' बसवलेला होता. थोडा तिरका.

"कुणी बसवला?"

"मीच. बुटाची नाडी येत नाही, खिळा येतो."

केझायानं तो काढला, सरळ केला, परत बसवला. शाई लावली. कागद मांडला. लव्हिनियानं दांडा दोन्ही हातांत धरला, पाय रोवले, दात आवळले आणि सगळं अंग मागे टाकायच्या बेतात आली.

"थांब," केझाया खेकसली. "जोर कशाला लावतेस? कागद ओला आहे."